कोअर शॉपच्या अकराजणी

३ ऑगस्ट १९९८, सोमवार

कोअर शॉपचं नावसुद्धा नाही! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा चाळलं. शेठजींचा फोटो आहे, त्यांच्या वडिलांचा आहे, भट्टीचा आहे, कँटीनचा आहे. कँटीनमधल्या मांजराचा तेवढा राहिला.

जगन घेऊन आला होता. माझ्या जागेवर आता तो पर्सोनेल बघतो. मीच त्याला कामाला लावलं, मीच शिकवलं, आणि अजून माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसतो. रोह्याला कंपनीचा नवा प्लांट उघडणार, त्या समारंभात वाटायला फाउंड्रीचा इतिहास छापतायत. ‘मॅडम, तुम्ही जरा भाषा बघा. तुमच्याइतकं जुनं कोण राहिलंय?’ म्हटलं, जुनी भट्टीपण होती, ती तुम्ही भंगारात विकलीत.

मग विचारलं, कोअर शॉप कुठे आहे यात? तो कपाकडे बघत बसला. हळूहळू बाहेर आलं. कोअर शॉप रोह्याला नेणारच नाहीत. तिथे मशीन येतंय. पेणचं बंद. बायकांना स्वेच्छानिवृत्ती.

स्वेच्छा! इच्छा कोणाची ते काही त्याने सांगितलं नाही.

मसुदा ठेवून घेतला. लाल पेन्सिल शोधली.

४ ऑगस्ट

पान नऊ. पेन्सिल संपली.

६ ऑगस्ट

‘पुराच्या वेळी व्यवस्थापनाच्या सतर्कतेमुळे अमूल्य साचे वाचले.’ वा! व्यवस्थापन त्या दिवशी मुंबईला लग्नात जेवत होतं.

हे म्हणाले, खोडत बसण्यापेक्षा तूच लिही. बँकेत आयुष्य गेलं तरी आमच्या ह्यांना कधीकधी सुचतं. तर लिहिते.

चौसष्ट साली पेणच्या बाहेर भातशेताच्या कडेला पत्र्याची एक शेड. मी तिथे टायपिस्ट. कॉन्व्हेंटचं इंग्रजी, म्हणून शेठजींनी लगेच ठेवून घेतलं. आत कोळशाची उभी भट्टी. वरून कोक, चुनखडी, लोखंडाचं भंगार टाकायचं, खालून रस काढायचा. संध्याकाळी भट्टीचं तोंड फोडलं की शेडचे पत्रे आतून लाल दिसायचे. लॉरीचे ब्रेकड्रम ओतायचो. मग जीपच्या इंजिनाची हेड ओतायचं काम आलं, आणि अडलं. हेड भरीव असून चालत नाही, आत पाणी फिरायला वाटा लागतात. त्या वाटांच्या आकाराचा वाळूचा तुकडा करायचा, भाजून कडक करायचा, साच्यात मध्ये बसवायचा. रस त्याच्या भोवती भरतो. निवला की आतली वाळू ठोकून काढून टाकायची. वाळूचा हा तुकडा म्हणजे कोअर. इंजिनातली रिकामी जागा आधी कोणीतरी हाताने घडवलेली असते, आणि मग तिचं काम झालं की झटकून टाकलेली. इतिहासाच्या पुस्तकातही तसंच केलं म्हणायचं.

गावातले पुरुष ते काम करीनात. वाळूत जवसाचं तेल आणि मळी कालवायची, हात कोपरापर्यंत चिकट, वर ओव्हनचा धूर. ‘बायकांचं काम’ म्हणाले. तेव्हा धरमतरकडच्या मिठागरांवरच्या बायका आल्या. पावसाळ्यात मिठागरं बंद, म्हणून चार महिन्यांसाठी आल्या आणि राहिल्या. जीप, ट्रॅक्टर, स्कूटर, आता मोटारी. एवढ्या वर्षांत विजेची भट्टी आली, कोळसा गेला, साचे भरायला यंत्रं आली. कोअर शॉप तेवढं होतं तिथेच, होतं तसंच.

आणि पुराचा दिवस. उधाण आणि वरून पाऊस, पाणी थेट शेडमध्ये. कोअर घडवायच्या पेट्या लाकडी, फुगल्या की गेल्या. बायकांनी त्या डोक्यावर घेऊन माळ्यावर चढवल्या. मी तिथे होते. खुर्चीवर उभी राहून, छत्री उघडून, हुकूम सोडत होते. एकीनेही ऐकले नाहीत. हेही लिहून टाकलं. खोडणार नाही.

९ ऑगस्ट, रविवार

रंभा आली. कोअर शॉपची मुकादम. केळीच्या पानात निवट्या मासे घेऊन. ‘खाडीच्या हायत, ताज्या. सायबांना आवडतात.’ ह्यांना आवडतात हे हिला माहीत, आणि हिची नोकरी चाललीय हे मला जगनकडून कळावं!

तिला विचारलं, सही केलीस कशावर? नाही म्हणाली. कोणीच केली नाही. युनियनच्या केरूला विचारायला गेल्या होत्या. तो म्हणाला, मिळतंय ते घ्या, घरी बसा, नातवंडं सांभाळा. केरूची स्वतःची बायको नातवंडं सांभाळते की नाही माहीत नाही, पण केरूला सांभाळते हे नक्की.

मला वाटलं, जुनं तेच चालू ठेवा म्हणायला आली असेल. तसं नव्हतं. तिला मशीनच हवंय.

‘त्या धुरानं छातीचा पार भाता झालाय, बाई. ओव्हन नको झालाय. रोह्याच्या मिशीनला धूर नाय म्हनतात. पन सायब बोलतो, ह्यांना मिशीन यायचं नाय.’

‘का नाही यायचं?’

‘बटनांवर इंग्रजी हाय.’

एवढंच? बटणांवर इंग्रजी आहे म्हणून अकरा बायका घरी? पेणच्या बाजारात इंग्रजी नावाच्या बिस्किटांचे पुडे निरक्षर बायका बिनचूक मागून घेतात!

निवट्या फार चांगल्या झाल्या. रागात मीठ जास्त पडलं होतं तरी.

१२ ऑगस्ट

बत्रांना भेटले. दोन वर्षांपूर्वी फरिदाबादहून आलेले मॅनेजर. खोलीत इतका गारवा की शाल घेऊन जायला हवी होती. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं.

‘मॅडम, जमाना बदल गया.’

म्हटलं, जमाना बदललाय म्हणूनच आलेय. जुना ओव्हन मोडा, मी पहिला हातोडा मारते. पण माणसं भंगारात काढू नका.

त्यांचं म्हणणं असं, की मशीन महाग, तापलेल्या लोखंडी साच्यात वाळू दाबाने सोडते, मिनिटाभरात कोअर भाजून बाहेर. एक बटण चुकलं तर साचाच फुटेल. आणि या बायका शिकलेल्या नाहीत.

‘सिखाया किसने?’ मी विचारलं.

बत्रांनी कॅलेंडर उलटलं. मग हसले. दसऱ्याला मोटार कंपनीचे दोन इंजिनिअर रोह्याला मशीन बघायला येणार आहेत. ‘उनके सामने चला के दिखा दें. जो चला लेगी, वो रोहा जाएगी.’ थट्टेच्या सुरात बोलले, पण बोलले. जगन तिथेच उभा होता. बाहेर आल्यावर त्याला म्हटलं, ऐकलंस ना? म्हणाला, ऐकलं मॅडम. चेहरा असा, की ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

१६ ऑगस्ट, रविवार

पहिला वर्ग. अकराही जणी आमच्या ओसरीवर.

ह्यांनी पुठ्ठ्याचं पॅनल केलं. बटणं म्हणजे बाटल्यांची झाकणं, रंगवून. जगनने मशीनवरचे शब्द उतरवून आणले होते, ते वर चिकटवले. मी पहिला शब्द शिकवला STOP. सगुणा म्हणाली, ‘चालू करायच्या आधीच बंद?’ म्हटलं, आधी थांबवता आलं पाहिजे, मग चालवायचं. सिस्टर अगाथा आम्हाला सायकल शिकवताना हेच सांगत असे. मग स्वतःच विहिरीच्या कठड्यावर जाऊन आपटली, ते मी सांगितलं नाही.

मशीनचे आवाज काढायचं काम ह्यांच्याकडे. झाकण दाबलं की ‘फुस्स’ म्हणायचं, कोअर भाजेपर्यंत गुणगुणायचं, मग ‘टिंग’. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. चाळीस वर्षांत हे इतके खूश मी पाहिले नव्हते.

२२ ऑगस्ट

तीन दिवस वर्ग बंद. पेणमध्ये पाय ठेवायला जागा नाही, जिकडेतिकडे टेम्पोत गणपती चढतायत. गणेशचतुर्थीपर्यंत इथे माणसाला कोणी विचारत नाही.

३० ऑगस्ट, रविवार

वाईट दिवस.

सगुणा CLAMP आणि CURE मध्ये सारखी चुकते. साचा आवळायचा की तापवायचा, हाच गोंधळ. आज पाचव्यांदा चुकली तेव्हा माझ्या तोंडून गेलं, ‘डोक्यात वाळूच भरलीय का?’

ती उठली. पदर खोचला. ‘बाई, तुमी शालेत मास्तरीन असत्या, तर पोरांनी शाला जालली असती.’ आणि गेली. कोणी हसलं नाही. रंभापण नाही.

हे संध्याकाळभर माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच, की तुझ्या नन तुला छडीने मारायच्या, त्याचा हिशेब या बायकांकडून का घेतेस?

१ सप्टेंबर

सगुणाच्या गावी गेले. वडखळपर्यंत एसटी, पुढे रिक्षा, पुढे बांधावरून चालत. चिखलात माझी एक चप्पल राहिली. दुसरी हातात घेऊन तिच्या दारात उभी.

तिच्या सासूने मला आपादमस्तक पाहिलं. ‘हीच का गो ती कंपनीची बाय?’ सगुणा आतून म्हणाली, ‘व्हय. तीच.’

माफी मागायचं मनात घोळवत आले होते, इंग्रजीत. मराठीत शब्द जड जातात. शेवटी म्हटलं, सगुणा, चुकलं माझं, पण वर्ग बुडवू नकोस. ती बाहेर आली, माझ्या पायांकडे पाहिलं, पाणी आणून दिलं. मग म्हणाली, दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर सारखं दिसतं, म्हणून ती चुकते. एकाला लाल टिकली लावा, एकाला हिरवी.

हे मला सुचलं नव्हतं. ते ठीक. पण ते तिने आधीच का नाही सांगितलं?

‘तुमी कुठं बोलू देता?’

१३ सप्टेंबर, रविवार

रोहा. जगनने कंपनीची गाडी मिळवून दिली. कशी ते विचारलं नाही.

नवी शेड बघून मलाच दडपण आलं. जमीन इतकी गुळगुळीत की आमच्या पेणच्या कँटीनची ताटं लाजतील. सगळ्यांना जाड बूट घालायला दिले. जनी, सगळ्यांत म्हातारी, दोन पावलं टाकून थांबली: ‘पायांत होडी घातल्यागत वाटतं.’ मशीनने वाफ सोडली तेव्हा सगळ्या एकदम मागे सरल्या. रंभाने हात पुढे केला आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. बोलले नाही, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

तिने बटण दाबलं. पहिला कोअर निम्मा तुटून आला. दुसरा आला तो गरम, मधाच्या रंगाचा, अखंड. रंभाने तो हातमोज्यांत धरून इकडून तिकडून फिरवला, जसा नव्या बाळाला फिरवून बघतात. ‘तेलाचा वास नाय,’ म्हणाली. 

२० सप्टेंबर

पुन्हा रोहा. सगुणा सगळ्यांत पुढे. लाल टिकली, हिरवी टिकली. मालूने साचा अडकल्याबरोबर STOP मारलं. मशीन बसवायला आलेल्या मुलाच्या आधी!

२९ सप्टेंबर

बत्रांचा निरोप. परवा दसरा, अकरा वाजता, दोघे इंजिनिअर हजर. सकाळी मशीनची पूजा, मिसेस बत्रा करतील. छान. बायकांना नवी लुगडी नेसून यायला सांगितलंय. मी काही विसरतेय असं वाटतंय, पण काय ते कळत नाही.

१ ऑक्टोबर, दसरा

मनगट अजून दुखतंय.

पेणच्या फाउंड्रीत खंडेनवमीला संध्याकाळी सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. पेट्या, ठोकणे, चाळण्या, सगळं धुऊन, हळदकुंकू, झेंडू. मग कुलूप. पुजलेलं हत्यार ती रात्र तसंच राहायचं, कोणी शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, म्हणून प्रश्नच आला नाही कधी. तीसेक वर्षं मी पेढे घेऊन घरी जात राहिले आणि हे मला कधी डोळ्यांना दिसलं नाही.

रोह्याला आज सकाळी पूजा झाली. मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, पायाशी नारळ. अकराला बत्रा पाहुण्यांना घेऊन आले. ‘चलाइए.’

रंभा हात जोडून उभी. बाकीच्याही.

‘पूजा झाली, सायब. आज नाय. उद्या सकाली चालवू.’

बत्रा माझ्याकडे वळले, मग पाहुण्यांकडे, आणि इंग्रजीत म्हणाले की बघा, म्हणूनच बाहेरून शिकलेली माणसं घेण्याचा विचार आहे. भीती वाटते यांना.

मी रंभाच्या कानाशी लागले. पाया पडते, एकदा दाब. मी विनवलं, मग ओरडले, हळू आवाजात जितकं ओरडता येतं तितकं. दीड महिना ओसरीवर काय केलं आपण? तिने मान हलवली. तेव्हा मीच पुढे झाले. हिरव्या बटणाकडे हात नेला. रंभाने माझं मनगट धरलं.

असं मला कोणी कधी धरलं नव्हतं. दुखेल इतकं घट्ट.

‘बाई. तुमी सांगितलंत तरी नाय. आपल्या हाताला चालवायचंय ना रोज हे? मग आज त्याचा मान ठेवायचा.’

मी तिच्याकडे बघत राहिले. घाबरलेली नव्हती ती. मी होते घाबरलेली.

मग इंजिनिअरांकडे वळले आणि सिस्टर अगाथाच्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून, सांगितलं की या बायका मशीन चालवू शकतात. आज चालवणार नाहीत. पुजलेल्या यंत्राला विश्रांती असते. तुम्ही थांबाल तर दाखवतील.

दोघांतले वयस्क, षण्मुगम नावाचे, कोईमतूरचे. ते मशीनवरच्या माळेकडे बघत होते. म्हणाले, माझ्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये आयुधपूजेला स्क्रूड्रायव्हरसुद्धा रजेवर असायचा. मी एकदा त्याला शिवलो, तर मला जेवण मिळालं नव्हतं. मग बत्रांना, ‘वुई विल कम टुमॉरो.’

बत्रांचा चेहरा उजळला. ‘कल तो गांधी जयंती है, सर. फॅक्टरी बंद. कानून है.’

षण्मुगम म्हणाले, मग परवा.

२ ऑक्टोबर

दोघे मुरूडला समुद्र बघायला गेले. बत्रांच्या गाडीतून. बत्राही बरोबर. त्यांना गाडी लागते असं जगन म्हणाला.

३ ऑक्टोबर, शनिवार

चालवलं!

रंभाने आधी सुकलेली माळ काढली, स्वस्तिकाला हात लावून कपाळाला लावला. मग बटण. पाळीपाळीने सगळ्या. जनी डोळे मिटून ‘फुस्स’ म्हणाली आणि दाबलं. बत्रांना वाटलं मंत्र म्हणतेय. सगुणा एकदाही चुकली नाही. षण्मुगमनी एक कोअर मुद्दाम फोडला, आतून बघितला, दुसऱ्याला दाखवला. दोघांनी मान डोलावली.

निघताना षण्मुगम मला म्हणाले, मॅडम, यांना शिकवलं कोणी? म्हटलं, माझ्या नवऱ्याने आणि एका पुठ्ठ्याने.

परतताना गाडीत सगळ्या गात होत्या. नागोठण्याला थांबून वडे खाल्ले. मला दोन महिन्यांत पहिल्यांदा कशाचा राग आला नाही. बरं वाटत नव्हतं त्यामुळे, खरं सांगायचं तर. सवय नाही.

८ ऑक्टोबर

मला माहीत असायला हवं होतं.

नोटीस लागली. रोह्याच्या मशीनवर चारच जागा. रंभा, सगुणा, मालू, चंद्रावती. बाकी सातजणींना स्वेच्छानिवृत्ती.

बत्रांकडे गेले. ‘जो चला लेगी’ म्हणाला होतात! शांतपणे म्हणाले, चलाया तो सबने, मॅडम, बहुत अच्छा चलाया. लेकिन मशीन एक है. जगनला विचारलं, तू साक्षीदार ना? तो म्हणाला, मॅडम, माझी पण नोकरी आहे. हे तो आधी म्हणाला असता तर मी त्याच्यावर इतकी वर्षं फुकट घालवली नसती.

वर बत्रा म्हणतात, इतिहास तेवढा पूर्ण करून द्या. कोअर शॉपवर एक पूर्ण पान देतो, फोटोसकट.

पान देतो! माणसं काढतो आणि पान देतो!

१० ऑक्टोबर

रंभा आणि सगुणा आल्या. सगुणाचं नाव यादीत आहे, मला वाटलं पेढे आणले असतील. तिनेच सुरुवात केली.

‘आमी चौघी जानार नाय.’

त्यांचा प्रस्ताव असा. जागा चार, बायका अकरा. मिठागरावर एकाच वाफ्याला तीन घरं असली तर पाळी लावतात. यांची मिठाची रास आज, त्यांची उद्या. तसं मशीन पाळीने चालवू. सगळ्यांना कमी मिळेल, कोणी घरी बसणार नाही. आणि जनीसारख्या ज्या सहा महिन्यांत निवृत्त होतायत, त्यांनाही निघेपर्यंत पाळी.

मी सगळ्या अडचणी सांगितल्या. हजेरी, विमा, फंड, कायदा. तीस वर्षं हेच काम केलं, तोंडपाठ आहे. रंभा ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, ‘हे सगलं तुमी सायबाच्या बाजूनं सांगितलंत. आता आमच्या बाजूनं सांगा.’

बसले. कागद घेतला. आमच्या बाजूने बघितलं तर मार्ग निघतो. अवघड आहे, पण निघतो. मला हे कधी कोणी विचारलंच नव्हतं.

१४ ऑक्टोबर

बत्रांनी प्रस्ताव वाचला नाही. बायकांशी बोलणारच नाहीत. युनियनशी बोलतील म्हणाले. युनियन म्हणजे केरू. केरूने रोह्याच्या कँटीनचं कंत्राट भावासाठी मिळवलंय असं ऐकते.

संध्याकाळी सगळ्या ओसरीवर. मी म्हटलं, मग तुमची स्वतःची युनियन काढा. कायद्याने सातजणी पुरतात, तुम्ही अकरा. पदावर बाहेरचं माणूसही चालतं, एखादा वकील बघू.

 सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

‘मी? मी कंपनीची बाई. संपाच्या वेळी गेटच्या आत बसून तुमच्या हजेऱ्या कापल्यात मी.’

‘ठाव हाय,’ सगुणा म्हणाली. ‘माजीपन कापलीवती.’

‘मग?’

रंभाने पानाचा विडा केला, मला दिला. ‘म्हून तर. त्यांचे डाव तुमालाच ठाव.’

साठीची झाले. गुडघे दुखतात. रक्तदाब आहे. पेन्शनीची माणसं देवळात जातात. हे आतून म्हणाले, गेटसमोर बसायला सतरंजी लागेल, माळ्यावरून काढून देऊ का?

२९ ऑक्टोबर

आज रोह्याला उद्घाटन. शेठजी आले, षण्मुगम आले, बँड आला. मशीन चालवून दाखवायचं होतं, पण बसवायला आलेला मुलगा कधीच परत गेलेला, चालवायला कोणी नव्हतं. आम्ही सगळ्या गेटबाहेर सतरंजीवर. ऊन फार. दुपारी बत्रा स्वतः चालत बाहेर आले. घामाघूम. ‘मॅडम, आप अंदर आइए. शेठजी बुला रहे हैं, बैठ के बात करते हैं.’

म्हटलं, येते. बारा खुर्च्या लावा.